सकाळीच दमणारी गाडी

"ताई, गाडीत कासव आलंय," असं एका गिऱ्हाइकानं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी खरोखरच बॉनेटखाली वाकून बघितलं होतं. माणूस भोकरकडचा, गाडी थेट शेतातून आणलेली, आलं असेल एखादं कासव असं मला वाटलं. तो मात्र डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्याकडे बोट दाखवत होता. इंजिनाचं चित्र असलेला दिवा. नीट बघितलं तर त्याला पाठ आहे, डोकं आहे, पायही आहेत. त्या दिवसापासून आमच्या नांदेडच्या वर्कशॉपमध्ये तो दिवा कासवच झाला.

माझ्या नोकरीचं नाव सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर. नाव भारदस्त आहे, काम साधं. गाडीवाला येतो, त्याचं गाऱ्हाणं ऐकायचं, ते मिस्त्रीला समजेल असं सांगायचं, आणि मिस्त्रीनं जे शोधलं ते गाडीवाल्याला पटेल असं परत सांगायचं. म्हणजे दोन्हीकडची बोलणी मी खायची. बाईमाणूस काउंटरला बघून सुरुवातीला लोक विचारायचे, साहेब कुठं आहेत. मी म्हणायची, साहेब मीच, बोला. काहीजण बोलायचे, काहीजण बाहेर जाऊन टायरला लाथ मारून यायचे आणि मग बोलायचे.

डॅशबोर्डवरची इंग्रजी अक्षरं हा माझ्या आयुष्याचा मोठा भाग झाला. एबीएस म्हणजे करकचून ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय. एसआरएस म्हणजे धडक बसली तर फुगणारी उशी. ईपीएस म्हणजे स्टिअरिंग हलकं करणारी मोटर. चावी फिरवली की हे सगळे दिवे एकदा लागतात आणि विझतात. लागतात ते आपण जिवंत आहोत हे दाखवायला, विझतात ते ठीक आहे हे सांगायला. एवढंच गिऱ्हाइकाला समजावलं तरी निम्मं काम व्हायचं. नायगावचे एक हेडमास्तर दिवे विझेपर्यंत स्टिअरिंगसमोर हात जोडून बसत. मी त्यांना खूपदा सांगितलं, पण त्यांचं म्हणणं, नमस्कारानं काही बिघडत तर नाही ना. दुसऱ्या एका जीपवाल्यानं कासवावर देवाचा स्टिकर चिकटवला होता. काढा म्हटलं तर तो माझ्यावरच उखडला, देवाला उठवायला सांगता का म्हणून. गाडी पुढे दुसऱ्या गाडीला बांधून, टोचन करून आणावी लागली, तेव्हा देवाला जागा बदलून दिली.

मग माझी बदली लातूरला झाली. आम्ही नांदेडची माणसं लातूरला नवा जिल्हा म्हणून चिडवतो. उस्मानाबादेतून काढलेला, वयानं माझ्यापेक्षा लहान जिल्हा. त्यावर लातूरकर म्हणतात, नवा असला म्हणून काय झालं, तुमच्यापेक्षा चार पावलं पुढंच आहे. आणि उदगीरकडची गिऱ्हाइकं दोघांनाही गप्प करायची, कारण त्यांचा जिल्हा आता होणार, मग होणार, असं चालूच असायचं. गाडी सर्व्हिसिंगला सोडताना सुद्धा ते नव्या जिल्ह्याची बातमी सोडून जायचे.

लातूर नांदेडपेक्षा उंचावर आहे हे मला भूगोलाच्या पुस्तकानं शिकवलं नाही. ते एका सेन्सरनं शिकवलं. या लेखात त्याचंच सांगायचं आहे, म्हणून जरा थांबून सांगते. डिझेल जळायला हवा लागते, चुलीला लागते तशीच. इंजिन ती हवा पुढच्या जाळीमागच्या एका काळ्या नळकांड्यातून ओढतं. वाटेत कागदी फिल्टर धूळ अडवतो. मग टर्बो नावाचा पंखा ती हवा दाबून आत भरतो. आत किती दाबानं हवा आली ते मोजायला अंगठ्याएवढा सेन्सर बसवलेला असतो. आम्ही त्याला मॅप म्हणतो. तो आकडा सांगतो, गाडीतला कॉम्प्युटर त्या आकड्यावरून डिझेल सोडतो. हवा कमी पडली तर डिझेलही कमी सोडतो, गाडीची ताकद आखडून घेतो आणि कासव लावतो.

सेन्सर खरा की खोटा हे बघायची सोपी युक्ती आहे. इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवायची. तेव्हा आत आणि बाहेर हवा सारखीच, म्हणून त्यानं बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे. नांदेडला तो सत्त्याण्णव किलोपास्कलच्या आसपास दाखवायचा. लातूरला आले तर प्रत्येक गाडीत चौऱ्याण्णव. मला वाटलं लातूरचे सगळे सेन्सर बिघडलेत. आमचे मुख्य मिस्त्री खलीलभाई हसले आणि म्हणाले, "मॅडम, आपण डोंगरावर बसलोय. वर हवा पतली."

खलीलभाईंइतका शांत माणूस मी वर्कशॉपमध्ये दुसरा बघितला नाही. मी चटकन चिडते, ते चहा मागवतात. आमचं बरं जमलं.

तर दुष्काळाचं ते वर्ष. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं गेलं, तेव्हाची गोष्ट. आमच्या वर्कशॉपमध्ये गाड्या धुणं बंद झालं होतं, ओल्या फडक्यानं पुसून द्यायचो. रस्ते, झाडं, गाड्या सगळ्यांवर एकच रंग, मातीचा. एअर फिल्टर काढला की ओंजळभर धूळ निघायची.

अशाच एका दुपारी लातूरजवळच्या मुरुडचे अप्पा आले. त्यांचं किराणा दुकान. कपाळाला भस्म, पांढरा शर्ट, आवाज चढलेला. मालवाहू पिकअप त्यांनी दुकानासाठी घेतली होती. पण त्या उन्हाळ्यात तिच्यावर टाकी बसवून ते शेतातल्या बोअरचं पाणी गल्लीत आणून वाटत होते, फुकट. त्यांच्या बोअरला पाणी टिकून होतं आणि गल्लीतल्या नळांना नव्हतं, म्हणून. माणूस चांगला होता हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तसं वाटणार नाही.

पिकअप चालवणारा माणिक मागे उभा होता. तिशीचा असेल, अंगानं किरकोळ, मान खाली. अप्पांनी त्याच्याकडे न बघता मला सांगितलं की सकाळच्या पहिल्या खेपेला गाडी चढावर दम टाकते, कासव लागतं, टाकी भरलेली असली की चालत्या माणसाच्या वेगानं येते. दुपारी मात्र तीच गाडी चांगली पळते. त्यांनी मुरुडातल्या गॅरेजात मॅप सेन्सर नवा बसवून घेतला होता. दोन दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच. खरं म्हणजे कासव पहिल्यांदा लागलं तेव्हा अप्पांना बरंच वाटलं होतं. महादेवाच्या देवळात नंदीपुढे कासव असतं, तसं गाडीतही आहे, शुभच असेल. आता मात्र त्यांना ते शुभ वाटत नव्हतं.

"सकाळी डिझेल हाच भरतो," अप्पा म्हणाले. "आन् सकाळीच गाडी दमते. हा डिझेल परस्पर विकून त्यात रॉकेल घालून राहिलाय. तुम्ही ते मशीन लावा, ताई, आन् ह्याच्यासमोर सांगा. आजच्या आज ह्याला काढतो."

नंतर कळलं की हेच ते आदल्या दिवशी पेट्रोल पंपावर, दहा ड्रायव्हरांसमोर ओरडून बोलले होते. ड्रायव्हरच्या नावाला रॉकेल चिकटलं की त्याला त्या भागात दुसरा कुणी गाडी देत नाही. माणिकची नोकरीच नव्हे, पुढच्या सगळ्या नोकऱ्याही माझ्या एका वाक्यावर टांगल्या होत्या. तो काहीच बोलत नव्हता. मला अशा गप्प माणसांचा राग येतो. चोरी केली नसेल तर बोल ना बाबा.

लोकांना स्कॅनर म्हणजे कोर्ट वाटतं. वायर जोडली की निकाल बाहेर. मी अप्पांना सांगितलं, सेन्सर चहाडी करतो, पण नाव सांगत नाही. हवेचा दाब कमी पडला एवढंच तो सांगणार, कुणी कमी केला ते नाही. अप्पांना हे मुळीच आवडलं नाही.

खलीलभाईंनी चावी फिरवली. चौऱ्याण्णव. म्हणजे सेन्सर धडधाकट. पहिलाही बहुतेक धडधाकटच होता, निरोप्याला हाकलून नवा निरोप्या ठेवला, निरोप तोच. फिल्टर काढून बघितला, स्वच्छ. माणिक रोज झटकत होता. डिझेलचा नमुना घेतला, वास बरोबर, रंग बरोबर. टाकी भरून बाहेर चक्कर मारली तर गाडी मजेत चढली. दुपार होती ना.

अप्पा म्हणाले, आज इथं यायचं म्हणून ह्यानं घातलं नसेल.

आजारी माणूस डॉक्टरसमोर बरा दिसतो, तसाच हा प्रकार. जे दुखणं सकाळी होतं ते सकाळीच बघायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी अप्पांना म्हटलं, उद्या पहाटे आम्हीच मुरुडला येतो, तोवर ह्याला काढू नका. खलीलभाईंनी माझ्याकडे बघितलं. रविवारी त्यांच्या घरी पाहुणे येणार होते. तरी म्हणाले, "चला, मॅडम. आदमी की रोटी का मामला हाय."

उजाडता उजाडता आम्ही अप्पांच्या घरासमोर पोचलो. गल्लीतल्या बायकांनी घागरी आणि प्लास्टिकच्या कळशा रांगेत लावून ठेवल्या होत्या. पिकअप शेतातून टाकी भरून नुकतीच निघाली होती असा निरोप होता, पण येता येईना. शेवटी ती आली तेव्हा रस्त्यानं चाललेला एक म्हातारा तिच्या पुढे निघून गेला. मी केबिनमध्ये डोकावले. कासव लागलेलं. स्कॅनर जोडला, माणिकला बाजूला बसवलं, खलीलभाईंनी भरल्या टाकीनिशी गाडी चढाला घातली. दाब दोनशेच्या पुढे जायला हवा होता, तो दीडशेलाही पोचेना. काल दुपारी हीच गाडी, हाच चढ नसला तरी असलाच चढ, व्यवस्थित चढली होती.

हवा कुठंतरी अडत होती, आणि फक्त सकाळी अडत होती. असलं दुखणं मी कधी ऐकलं नव्हतं. खलीलभाईंनीही नव्हतं. आम्ही गाडी परत दारात लावली, इंजिन बंद केलं आणि चहा येईपर्यंत ओट्यावर बसलो.

तेवढ्यात घरातून अप्पांच्या आई बाहेर आल्या. घरात त्यांना अव्वा म्हणत. ऐंशीच्या आसपास, इरकल नेसलेल्या, कपाळभर भस्म. हातात छोटा तांब्या. दारातल्या आम्हा परक्या माणसांकडे त्यांनी बघितलंही नाही. त्या गाडीपुढे गेल्या, बॉनेटला भस्माची तीन बोटं ओढली, आणि पुढच्या जाळीत, एका कोपऱ्यात, पळीनं थोडं थोडं पाणी घालू लागल्या. अगदी सावकाश, एक थेंब बाहेर न सांडता.

जिथं पाणी पडत होतं, त्याच्याच मागे हवा ओढणाऱ्या नळकांड्याचं तोंड असतं. खलीलभाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

त्यांनी हात घालून आतून जे काढलं ते सुती लुगड्याचं फडकं होतं. दुहेरी घडी घातलेलं, तोंडावर दोऱ्यानं आवळून बांधलेलं, ओलं आणि चिखलानं माखलेलं. ओल्या फडक्यावर धूळ बसून त्याचं पुठ्ठ्यासारखं झालं होतं. दुपारच्या उन्हात ते वाळायचं, धूळ झडायची, हवा वाट काढायची आणि गाडी पळायची.

अव्वांना त्यात काहीच लपवायचं नव्हतं. त्यांच्या घरात पाणी वस्त्रगाळ केल्याशिवाय पूजेला घेत नाहीत, पीतही नाहीत. जन्मभराचा नेम. यंदा एवढी धूळ उडतेय, गाडी गावासाठी राबतेय, तर तिच्याही पोटात गाळूनच जायला हवं, असं त्यांना वाटलं. कोरड्या फडक्यातून बारीक धूळ जाते, म्हणून ते रोज पहाटे पूजेनंतर, गाडी शेताकडे निघण्याआधी भिजवायचं, आणि पहिली खेप आली की पुन्हा. एवढं सरळ होतं. मला हसू आलं, तेवढ्यात अव्वांची सून हळूच म्हणाली की हे पाणी त्या स्वतःच्या वाट्यातलं घालतात. त्या दिवसांत घराघरात प्रत्येकाच्या पिण्याचा वाटा ठरलेला होता.

मी माणिककडे वळले. फडकं पहिल्यांदा त्यानंच बांधलं असणार, अव्वांचा हात आत पोचणारच नव्हता. मी जरा तडकूनच विचारलं, तुला माहीत होतं ना?

"हाव," तो म्हणाला. "नवा सेन्सर बसवला त्याच दिवशी काढून बघितलं. गाडी पळाली. पन दुसऱ्या दिवशी अव्वा आल्या, फडकं हाय का न्हाई त्यास्नी दिसत न्हाई, त्या आपलं पानी वताया लागल्या. सरळ इंजिनात गेलं आसतं. मग पुन्हा बांधलं."

"मग सांगायचं न्हाई का?" दारात येऊन उभे राहिलेले अप्पा ओरडले.

माणिकनं पहिल्यांदा मान वर केली. "काय सांगू? तुम्ही पान्यावरून अव्वाला रोज बोलता. गाडीवर पानी घालतात म्हनलं आसतं तर काय केलं आसतं तुम्ही?"

गल्लीतल्या सगळ्या बायका ऐकत होत्या. अप्पांचा चेहरा उतरला. माझ्या नोकरीत मी एक गोष्ट शिकले होते, बिघाड असा सांगायचा की कुणाची मान खाली जाऊ नये. पण इथं एकाची मान आधीच चारचौघांत खाली घातली गेली होती, ती वर करायची तर चारचौघांतच करायला हवी होती. म्हणून मी मोठ्यानं सांगितलं की डिझेल चांगलं आहे, सेन्सर चांगला आहे, ड्रायव्हर चांगला आहे, आणि अव्वांचा हेतूही चांगला आहे. फक्त गाडीला श्वास घेता येत नव्हता.

अव्वा नाराज झाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मग हिला गाळून लागत न्हाई का?" खलीलभाईंनी आतला कागदी फिल्टर काढून त्यांच्या हातात दिला. म्हणाले, अम्मा, हिच्या पोटात गाळणं कंपनीनंच बसवलंय. अव्वांनी त्याच्या घड्यांवरून बोटं फिरवली, उजेडाकडे धरून बघितलं, नखानं टोकरलं. "बारीक हाय," असा शेरा मारून परत दिला. आमच्या कंपनीच्या मालाची इतकी कसून तपासणी कुणी केलेली मी बघितली नाही.

मग त्या मुलाकडे वळल्या. कानडीत दोन वाक्यं बोलल्या. मला कानडी येत नाही, पण अप्पांनी चप्पल घातली आणि माणिकसमोर येऊन उभे राहिले, त्यावरून अंदाज आला.

"चुकलं माझं," अप्पा म्हणाले. "आजपासून गाडी तुझ्याच हाती."

मला वाटलं, झालं. मी वायर गुंडाळायला घेतली. पण माणिक जागचा हलला नाही.

"गाडी चालवतो," तो म्हणाला. "पन तुम्ही पंपावर बोलला व्हता, अप्पा. तिथं येऊन सांगा."

अप्पा म्हणजे गावातलं वजनदार दुकान, देवस्थानाच्या कमिटीत, लग्नाच्या बैठकीत मधोमध बसणारा माणूस. खलीलभाई फिल्टर बसवण्यात फारच गुंतले. मी मनातल्या मनात म्हटलं, ताणू नको रे, मिळालं ते घे. आयुष्यभर तडजोडी करून देणाऱ्या माणसाचं मन दुसरं काय म्हणणार. अप्पांनी एकदा बायकांच्या रांगेकडे बघितलं, एकदा आईकडे. मग गाडीला वळसा घालून ते माणिकच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

आधी टाकी रिकामी झाली, घागरी भरल्या, मग आम्ही त्यांच्या मागोमाग निघालो. पंप आमच्या वाटेवरच होता. पिकअप पुढे आणि आम्ही मागे. चढावर तिनं आम्हाला गाठू दिलं नाही, खलीलभाई खूश झाले.

पंपावर सकाळची गर्दी होती. काळीपिवळीवाले, टँकरवाले, ऊस नसल्यानं रिकामे बसलेले ट्रॅक्टरवाले. अप्पा उतरले. त्यांनी शर्ट खाली ओढला, घसा साफ केला. ओरडायची सवय असलेल्या त्या माणसाचा आवाज तेव्हा मात्र इतका बारीक झाला की मलाच नीट ऐकू आला नाही. माणिकनं रॉकेल घातलं न्हवतं, मी उगी बोललो, असं काहीतरी ते म्हणाले आणि गाडीकडे वळले.

माणिक दाराला टेकून उभा होता. तो अगदी शांतपणे म्हणाला, "अप्पा, मागच्या टँकरवाल्यास्नी ऐकू गेलं न्हाई."

अप्पा थांबले. मग परत फिरले, डिझेल सोडणाऱ्या पोराला मशीन बंद करायला लावलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं म्हणाले, दुकानात हाक मारतात तेवढ्या आवाजात.